रेड अलर्ट आला, पुढे काय? खाडीकाठच्या वाडीत पुराची पूर्वसूचना बसवायची रीत

कोकणातल्या बऱ्याच गावांत पूर्वसूचनेचं काम उलट्या क्रमाने होतं. आधी भोंगा विकत आणतात, मग व्हॉट्सॲप ग्रुप काढतात, समितीची नावं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावतात आणि काम झालं असं समजतात. पुराच्या रात्री मेसेज सगळ्यांना पोचतो, पण निघत कोणीच नाही. पाणी कुठवर आलं की निघायचं, कोणी सांगितल्यावर निघायचं आणि कुठे जायचं, हे कोणी ठरवलेलंच नसतं. हवामान खात्याचा इशारा जिल्ह्यासाठी असतो. तो आपल्या वाडीपुरता करून घ्यायचं काम आपलंच. खालच्या पायऱ्या त्यासाठी आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नका.

हे सगळं १५ मेच्या आत उरकायचं. पाऊस जूनमध्ये येतो म्हणून मेअखेरीची वाट बघण्यात अर्थ नाही. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि तौक्ते २०२१ च्या मेच्या मध्यातच किनाऱ्याला घासून गेलं.

## १. पाणी कुठून येतं ते आधी बघा

खाडीकाठच्या वाडीत पाणी तीन वाटांनी येतं. एक डोंगरातून नदीने. दुसरं समुद्राचं: उधाणाची (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी) भरती, वादळात वाऱ्याने ढकललेलं पाणी, लांबून आलेल्या मोठ्या लाटा. तिसरं गावातच तुंबणारं: पऱ्याचं (ओढ्याचं) तोंड बुजलेलं, खारबंदिस्तीची (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाची) उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, गंजून अडकलेली, मोरीत झाडाचा ओंडका. तिन्हींची चाहूल वेगळी लागते आणि हाताशी मिळणारा वेळही वेगळा असतो.

नदीच्या पाण्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: आपल्याकडे पाऊस थांबला की धोका टळला. कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेलं पाणी काही तासांत खाडीच्या तोंडाशी येतं. वाडीत ऊन पडलेलं असतानाही पूर येऊ शकतो. त्यात भरती असेल तर नदीला समुद्रात शिरायला वाट मिळत नाही आणि पाणी मागे फुगतं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदीच्या पाणलोटातली अतिवृष्टी आणि भरती एकत्र आली होती.

आता प्रत्यक्ष फिरा, दोनदा. एकदा पूर्ण ओहोटीला, एकदा कोरड्या दिवसातल्या उधाणाच्या भरतीला. सोबत जुनी माणसं आणि बायका हव्यात. पाणवठ्याची आणि गोठ्याची खडानखडा माहिती त्यांनाच असते. विचारायचा प्रश्न एकच: पाणी सगळ्यात आधी कुठे येतं? उत्तर बहुतेक वेळा घर नसतं. साकव (ओढ्यावरचा लहान पूल), पाणंदीतला खोलगट भाग किंवा रस्त्याची मोरी आधी बुडते. घराच्या ओट्याला पाणी लागतं तेव्हा बाहेर पडायची वाट केव्हाच गेलेली असते. वाटेवरचा हा सगळ्यात सखल बिंदू शोधून ठेवा. यापुढे त्याला ‘वाटेचा बिंदू’ म्हणू.

तपासा: वाडीच्या वेगवेगळ्या टोकांना राहणाऱ्या तिघांना वेगवेगळं विचारा. तिघांनी वेगळी जागा सांगितली, तर वाडीला एकापेक्षा जास्त वाटेचे बिंदू आहेत असं समजा आणि प्रत्येकाची खूण वेगळी करा.

## २. घरवार यादी

यादी आडनावांची नको, अडचणींची हवी. कोणाला उचलून न्यावं लागेल, कोण गरोदर आहे, कुठे तान्हं मूल आहे, कोणाला कमी ऐकू येतं, कोणाचं औषध रोज चालू आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं वेगळ्या खुणेने दाखवा. मुलं मुंबईला आणि आई-वडील इथे, अशी घरं कोकणात पुष्कळ आहेत. त्या प्रत्येक घरासाठी शेजारचं एक माणूस नावाने ठरवा. ‘कोणीतरी बघेल’ असं ठेवलं की कोणीच बघत नाही.

दोन नोंदी हमखास सुटतात. पहिली बाहेरून आलेल्या कामगारांची: आंबा-बागेतले राखणदार, होड्यांवरचे खलाशी, बांधकामावरची कुटुंबं. ते बहुधा सखल जागीच राहतात, गावाच्या ग्रुपमध्ये नसतात आणि मराठी सूचना त्यांना कळेलच असं नाही. दुसरी गणपतीतली. चाकरमानी आले की दोन माणसांच्या घरात पंधरा जण असतात, लहान मुलं असतात आणि त्यांना पाण्याची सवय नसते. चतुर्थीच्या आठवड्यासाठी यादी पुन्हा करावी लागते.

गुरांची संख्या आणि दावी सोडणाऱ्याचं नावही यात हवं. यादी कागदावर ठेवा, दोन घरी. ग्रुपवर टाकू नका. कोण एकटं राहतं हे जगाला कळवायची गरज नाही.

## ३. खूण रंगवा

हा टप्पा घाईत उरकला जातो आणि इथेच सगळं बिघडतं. पुलाच्या खांबावर फूटपट्टी रंगवली की खूण झाली असं होत नाही. आकड्याचा वाटेच्या बिंदूशी संबंध जोडला नसेल, तर दोन मीटर वाचून कोणी काय करायचं?

जागा अशी निवडा की टॉर्चच्या उजेडात लांबून, सुरक्षित उंचीवरून वाचता येईल: पुलाचा खांब, धक्क्याची भिंत, जुना चिरेबंदी कठडा. प्रवाहाच्या समोरची बाजू टाळा, कारण तिथे ओंडके आदळून रंग जातो. बाजूची कड चांगली. चुना नको, ऑइलपेंट वापरा. दर १० सेंटिमीटरला पट्टा, दर ५० ला आकडा.

मग गवंड्याला बोलवा. चौकटी आणि जोतं एका पातळीत आणायला तो जी पाण्याची पारदर्शक नळी वापरतो तीच इथे लागते. नळीचं एक टोक वाटेच्या बिंदूवर धरा, दुसरं खांबाकडे न्या. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की खांबावर रेघ मारा. वाटेच्या बिंदूची पातळी खांबावर आली. अंतर जास्त असेल तर मधे खुंट्या मारून टप्प्याटप्प्याने पुढे जा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर मोजमाप फसतं, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही टोकं एकत्र धरून पाणी सारखं दिसतं का ते बघा. खांबावरची ही रेघ लाल. पाणी इथे आलं म्हणजे वाट बंद.

आता उलटा हिशोब. समजा:

- निरोप सगळ्या घरी पोचायला अर्धा तास
- सगळ्यात सावकाश घराला बाहेर पडून वरच्या जागी पोचायला सव्वा तास
- रात्र आणि पाऊस यांचे जादा पाऊण तास

एकूण अडीच तास. मागच्या पुरात पाणी तासाला साधारण ३० सेंटिमीटर चढलं असं जुन्या माणसांच्या आठवणीवरून निघत असेल, तर अडीच तासांत ते ७५ सेंटिमीटर चढेल. म्हणून ‘निघा’ची नारिंगी रेघ लाल रेघेच्या ७५ सेंटिमीटर खाली. ‘तयार राहा’ची पिवळी त्याच्याही खाली, निदान ४५ सेंटिमीटर. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे तुम्ही काढा, शेजारच्या गावाचे उचलू नका.

इथे एक पेच येतो. खाडीत पाणी रोज दोनदा चढतं-उतरतं. उधाणाच्या भरतीला पाऊस नसतानाही पाणी नारिंगी रेघेला टेकत असेल, तर भरतीच्या वेळी त्या रेघेवर विसंबता येत नाही. अशा ठिकाणी ओहोटीकडे बघा. ओहोटीची वेळ होऊनही पाणी नेहमीच्या खुणेपर्यंत उतरलं नाही, म्हणजे वरून येणारं पाणी खाडी धरून बसलं आहे आणि पुढची भरती त्याच्यावर चढणार आहे. भरती यायला तेव्हा साधारण सहा तास हातात असतात. माझ्या मते खाडीकाठच्या वाडीला मिळू शकणारी ही सगळ्यात उपयोगी सूचना आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. खांबावर नेहमीच्या ओहोटीची निळी रेघही मारून ठेवा.

सावधान: रात्री खूण वाचायला एकट्याने जाऊ नये. दोघं जा. कठड्याच्या खाली उतरू नका.

## ४. पाऊस मोजा, पण वरचा

तोंड आणि तळ सारख्या रुंदीचा, सरळ भिंतीचा डबा आणि एक पट्टी एवढ्यात पर्जन्यमापक होतो. निमुळती बाटली नको. डबा मोकळ्यावर ठेवा: झाड किंवा घर जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला वाचा, कारण हवामान खात्याचा २४ तासांचा पाऊस त्याच वेळी मोजला जातो. मुसळधार चालू असेल तर दर तासाला.

खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार आणि त्याच्या वर अत्यंत जोरदार पाऊस. हाच पाऊस दिवसभर सावकाश पडला तर निचरा होतो, तीन तासांत पडला तर होत नाही. म्हणून तासाचा आकडा जास्त बोलका.

तुमच्या डब्यापेक्षा घाटाच्या पायथ्याच्या गावातला डबा महत्त्वाचा. आपल्याच नदीच्या वरच्या अंगाला कुठली गावं आहेत ते बघा आणि तिथल्या दोघांशी मे महिन्यातच ओळख करून ठेवा. वरून फोन आला की ‘पाऊस खूप आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. किती वेळात किती, आणि तिथल्या पुलाला पाणी कुठवर, हे विचारा. वर धरण असेल तर पाणी सोडण्याआधी निरोप कोणाला येतो आणि तो तुमच्यापर्यंत कसा पोचेल, हे पाटबंधारे खात्याच्या शाखेत जाऊन लिहून घ्या.

## ५. इशारा आणि भरती शेजारी-शेजारी मांडा

हवामान खात्याचे रंग माहीत असतात, अर्थ नसतात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. पिवळा म्हणजे बिनधास्त, असं खाडीकाठी चालत नाही, कारण पिवळ्या इशाऱ्याचा पाऊस आणि उधाण एकत्र आलं तरी सखल वाडीला पुरतं. मोठ्या लाटा आणि समुद्राच्या स्थितीचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. फोनवर ‘सचेत’ आणि ‘मौसम’ ही दोन ॲप पुरतात.

भरतीसाठी किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमीला पाच गुणिले तीन भागिले चार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. हिशोब ढोबळ आहे, पण मोबाइल बंद पडला तरी चालतो.

छापील किंवा ऑनलाइन वेळापत्रक वापरताना दोन चुका होतात. वेळ बंदराची असते आणि खाडीत आत जाल तसतशी भरती उशिरा येते. चार-पाच वेगवेगळ्या दिवशी आपल्या धक्क्यावर उभं राहून फरक किती मिनिटांचा ते लिहून ठेवा. दुसरं, ‘भरती ४.६ मीटर’ हा आकडा नकाशातल्या ठरावीक तळपातळीपासून मोजलेला असतो. तुमच्या रस्त्यावर ४.६ मीटर पाणी येणार असा त्याचा अर्थ नाही. तो आकडा असताना तुमच्या खांबावर पाणी कुठवर आलं ते नोंदवा, म्हणजे पुढच्या वेळी आकडा वाचून अंदाज येईल.

जून ते सप्टेंबरचं कॅलेंडर घ्या, उधाणाचे दिवस लाल पेनाने गोल करा आणि ते रेशन दुकानात आणि देवळात लावा. त्या दिवसांत भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास धोक्याचे धरा.

## ६. निर्णय आधीच लिहून ठेवा

एका कागदावर मावेल इतकंच, उदाहरणार्थ:

> पिवळी रेघ, किंवा उधाणाच्या दिवशी नारिंगी इशारा: राखण सुरू, दर तासाला नोंद. होड्या वर घ्या. गुरं वरच्या गोठ्यात.
>
> ओहोटीला पाणी निळ्या रेघेपर्यंत उतरलं नाही, किंवा वरच्या गावाचा निरोप: न चालणारी माणसं, गरोदर बायका आणि तान्ही मुलं लगेच हलवा.
>
> नारिंगी रेघ: भोंगा. सगळे निघा. मेन स्विच बंद, दावी सोडा.
>
> लाल रेघ: वाट बंद. मागे राहिलेल्यांनी माळ्यावर किंवा पक्क्या छतावर जायचं, ११२ ला फोन.

भोंगा वाजवायचा अधिकार खूण वाचणाऱ्या दोघांना द्या. सरपंचांना फोन करून परवानगी, त्यांनी तलाठ्यांना विचारायचं, अशी साखळी ठेवली तर अर्धा तास तिथेच जातो. आणि भोंगा वाजून पाणी आलं नाही तर वाजवणाऱ्याला कोणी बोल लावणार नाही, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरवून इतिवृत्तात लिहा. एकदा हसं झालं की पुढच्या खेपेला माणूस दहा मिनिटं जास्त थांबतो.

तपासा: कागद दहावीतल्या मुलाला वाचायला द्या आणि ‘आत्ता पाणी नारिंगी रेघेवर आहे, तू काय करशील?’ असं विचारा. उत्तर अडखळलं तर कागद परत लिहा.

## ७. निरोपाची साखळी

मोबाइल टॉवरची वीज गेली की ग्रुप गेला. म्हणून मूळ साखळी पायी चालणारी हवी: एका माणसाकडे पाच-सहा घरं, आणि प्रत्येकाला एक बदली माणूस. निरोप देणं निम्मं काम. ‘पोचला’ ही उलट खबर आली पाहिजे. जिथून आली नाही तिथे दुसऱ्याने जायचं.

भोंग्याचा आवाज आरती, अजान, शाळा किंवा रुग्णवाहिकेसारखा नको. देवळाचा लाऊडस्पीकर वापरणार असाल तर बॅटरीवर चालतो का ते बघा. ‘थांबून थांबून तीनदा म्हणजे तयार राहा, अखंड म्हणजे निघा’ एवढं सोपं ठेवा.

निरोपात चार गोष्टी असायलाच हव्यात: तारीख-वेळ, पाणी कुठवर, काय करायचं, सांगणाऱ्याचं नाव. ‘सर्वांनी सतर्क राहावे’ याने कोणीच हलत नाही. ‘आज गुरुवार, रात्री ९:२०. धक्क्यावर पाणी नारिंगी रेघेला. खालच्या आळीने आत्ता शाळेत निघायचं’ याने हलतं. तारीख नसलेला मेसेज पुढे ढकलू नका. दोन वर्षांपूर्वीचा पुराचा व्हिडिओ दर पावसाळ्यात ताजा होऊन फिरतो.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. मोबाइलवरून लागत नसेल तर आधी जिल्ह्याचा एसटीडी कोड लावून बघा, आणि हे मेमध्येच बघा.

## ८. जागा आणि वाट

निवाऱ्यासाठी शाळा ठरवली जाते, कारण ती मोठी आहे आणि सरकारी आहे. पण ती वाटेच्या बिंदूपेक्षा किती उंच आहे, हे त्याच पाण्याच्या नळीने मोजलंय का? संडास, पाणी, दिवा आहे का? किल्ली कोणाकडे? एक किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि ते तालुक्याच्या गावी राहतात, ही गोष्ट नेहमीची आहे. दुसरी किल्ली वाडीत ठेवा.

सावधान: पाण्यापासून वर पळताना डोंगराच्या कुशीत जाऊ नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूण-महाड पाण्यात असतानाच महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. कापलेल्या उताराखालची घरं, पऱ्याची तोंडं आणि नव्या भेगा दिसलेली जागा निवाऱ्यातून बाद. सपाट सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) इमारत चांगली. झाडं कललेली दिसली किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर तिथूनही हला.

वाटेवर वाहतं पाणी असेल तर खोली बघून धीर धरू नका. १५ सेंटिमीटर वेगवान पाण्यात धडधाकट माणसाचा पाय सुटतो आणि ३० सेंटिमीटर पाणी लहान गाडी उचलू शकतं. पिशवीत औषधं, कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, टॉर्च, प्यायचं पाणी. बाकी राहू दे.

## ९. सराव, तोही अंधारात

पहिला सराव दिवसा, दुसरा संध्याकाळी सातनंतर. घड्याळ लावा आणि सगळ्यात शेवटी पोचलेल्या घराची वेळ लिहा. सरासरीला इथे किंमत नाही. ती वेळ सव्वा तासापेक्षा जास्त निघाली, तर लोकांना ‘लवकर चला’ म्हणू नका. तिसऱ्या टप्प्यावर परत या आणि नारिंगी रेघ खाली आणा. सरावाचं खरं काम तेच.

## १०. पाणी ओसरल्यावर

साफसफाईच्या आधी नुकसानीचे फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. भिंती ओल्या असताना मेन स्विच लावू नका, वायरमनला दाखवा. अडगळीत हात घालण्याआधी काठी घाला, साप असतात. चिखलात काम करणाऱ्यांनी पायाच्या जखमा झाकाव्यात. ताप आला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) शंका धरून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावं.

विहीर आधी उपसा, मग टीसीएल (ब्लीचिंग पावडर). विहिरीत पाणी किती लिटर हे असं काढा: ७८५ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, दोन्ही मीटरमध्ये. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,२६० लिटर. एरवी दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम पावडर लागते, म्हणजे इथे सत्तर ग्रॅमच्या आसपास. पुरानंतरच्या गढूळ पाण्याला जास्त लागते. म्हणून अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं का ते बघायची चाचणी) करा आणि पिवळा रंग आला नाही तर आरोग्य सेवकाला विचारून मात्रा वाढवा. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवून गाळ बसू द्या आणि वरचं निवळ पाणी सोडा.

भिंतींवरची पाण्याची रेघ धुतली जायच्या आधी, दोन दिवसांत, प्रत्येक आळीत एका पक्क्या भिंतीवर तारखेसकट ऑइलपेंटने ती पक्की करा. राखण करणाऱ्यांच्या वहीतून तासाला पाणी किती चढलं ते काढा. ३० धरलं होतं आणि ४५ निघालं, तर अडीच तासांना ७५ सेंटिमीटर पुरत नाहीत, जवळजवळ ११३ लागतात. नारिंगी रेघ पुढच्या उधाणाच्या आत नव्या जागी रंगवा आणि जुनी पूर्ण खरवडून काढा.